सुयांनी हात परत येईल का?

पत्र:

मॅडम, माझ्या मिस्टरांना पाच महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला. वय 58. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि उजवी बाजू गेली. पाय बराच सुधारला, काठी घेऊन घरात फिरतात. बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं झालंय. हात मात्र तसाच आहे. कोपरात दुमडलेला, मूठ वळलेली. हातात टॉवेल दिला आणि ‘सोडा’ म्हटलं की अंगठा आणि पहिलं बोट जरासं उघडतं, तेवढंच. फिजिओ आठवड्यातून तीनदा येतात, पण हे कंटाळलेत. ‘हा हात गेला आता’ म्हणतात. सगळं डाव्या हाताने करतात, उरलेलं मी करते. बटणं मी लावते, घासही मीच भरवते.

दिरांच्या ओळखीने एका ॲक्युपंक्चरवाल्यांकडे नेलं. तीन सिटिंग झाली. पहिल्याच दिवशी सुया काढल्यावर बोटं सैल पडली आणि अर्धा तास उघडी राहिली. मला रडूच आलं. ते म्हणतात, हाताच्या नसा बंद झाल्यात, 40 सिटिंगमध्ये मोकळ्या होतील. तोवर व्यायाम थांबवा, नसांना विश्रांती हवी. रक्त पातळ करायची गोळीही तेवढे दिवस बंद ठेवा. आणि सहा महिने उलटले की मग काही होत नाही, म्हणून उशीर करू नका. न्यूरॉलॉजिस्टना विचारलं तर ते म्हणाले, ‘करायचं असेल तर करा.’ याचा अर्थ मी काय घ्यायचा? माझ्याकडून काही राहून जाऊ नये, एवढंच वाटतं.

उत्तर:

ताई,

आधी गोळीचं बोलू. गोळी खरोखर बंद केली की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. केली असेल तर आजच न्यूरॉलॉजिस्टना फोन करा, किती दिवस चुकली ते सांगा आणि ते म्हणतील तशी पुन्हा सुरू करा. केली नसेल तर एकही दिवस चुकवू नका. गुठळीमुळे ज्यांना एकदा अटॅक आला त्यांना पुन्हा येण्याचा धोका असतो, आणि ती गोळी त्यासाठीच आहे. सुईच्या जागी रक्ताचा ठिपका येईल म्हणून मेंदूचं संरक्षण काढून घ्यायचं, हे मला कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही. ॲक्युपंक्चरची सुई साधारण पाव मिलिमीटर जाड असते, इंजेक्शनच्या सुईपेक्षा बरीच बारीक. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना ती टोचता येते. सुई काढल्यावर जागा थोडी जास्त वेळ दाबून धरावी लागते, क्वचित काळानिळा डाग पडतो. वॉरफॅरिनसारखी जास्त जोराची गोळी चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) बघून आणि डॉक्टरांना विचारूनच. गोळी चालू ठेवून सुया टोचायची त्यांची तयारी नसेल, तर तिथे जाऊ नका.

आता ‘नसा बंद झाल्यात’ याबद्दल. मराठीत ‘नस’ हा शब्द आपण कशालाही वापरतो. रक्तवाहिनीलाही नस, मज्जातंतूलाही नस, मान आखडली तरी ‘नस धरली’. त्यामुळे कुणी ‘हाताच्या नसा मोकळ्या करतो’ म्हटलं की ते लगेच पटतं, नळात अडकलेला कचरा निघावा तसं चित्र डोळ्यांसमोर येतं. पण तुमच्या मिस्टरांच्या हातातली एकही रक्तवाहिनी बंद पडलेली नाही, आणि खांद्यापासून बोटांपर्यंतचे मज्जातंतूही शाबूत आहेत. इजा झाली ती मेंदूत. हाताला हुकूम सोडणाऱ्या पेशी मेंदूच्या डाव्या भागात असतात, त्यांचे तंतू खाली उतरताना बाजू बदलतात आणि उजव्या हाताकडे जातात. त्या पेशींचा किंवा त्या तंतूंचा काही भाग रक्त न मिळाल्याने मेला. हात ठीक आहे, त्याच्यापर्यंत निरोप पोचत नाहीये.

पाय सुधारला आणि हात मागे का राहिला, हेही यातूनच कळतं. मेंदूच्या पृष्ठभागावर हाताचा, बोटांचा आणि चेहऱ्याचा भाग बाहेरच्या बाजूला आहे. तिथे रक्त नेणारी मधली मोठी रक्तवाहिनी हीच पॅरालिसिसमध्ये सर्वांत जास्त वेळा बंद पडते. पायाचा भाग दोन अर्ध्या मेंदूंच्या मधल्या फटीत, आतल्या अंगाला असतो आणि त्याला मुख्यतः दुसरीच रक्तवाहिनी रक्त देते. शिवाय पाय थोडा ताठ असला तरी त्यावर उभं राहता येतं, काठीच्या आधाराने चालता येतं. बटण लावायला मात्र अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून वेगळी, मोजून हलावी लागतात. हाताकडून आपण फार बारीक काम मागतो, म्हणून तो उशिरा येतो.

जे मेलं ते सुई जिवंत करत नाही. गोळी करत नाही, आमचा व्यायामही करत नाही. होतं ते एवढंच की शेजारचे, वाचलेले भाग ते काम शिकून घेतात. आणि ते शिकतात फक्त करून.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे पॅरालिसिसनंतर हाताला पुन्हा रोजच्या कामाला लावणं हेच माझं काम. व्यायामाकडे माझा कल असणार, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. सुयांवर मी आंधळेपणाने फुली मारत नाही. 1997 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची बैठक बोलावली होती. तिच्या निवेदनात पॅरालिसिसनंतरच्या पुनर्वसनात ॲक्युपंक्चर जोडउपचार म्हणून उपयोगी पडू शकेल, असं म्हटलं होतं. त्यानंतर खूप चाचण्या झाल्या, बहुतेक चीनमध्ये. 2016 मध्ये कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 31 चाचण्या, 2257 रुग्ण एकत्र करून पाहिले. काही बाबतीत फायदा दिसला, पण चाचण्या लहान होत्या आणि बऱ्याच नीट आखलेल्याही नव्हत्या. म्हणून सगळ्यांना सरसकट सुया द्याव्यात असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

यातली खरी अडचण अशी. सुया घेणाऱ्यांची तुलना काहीच न घेणाऱ्यांशी केली तर सुयावाले थोडे पुढे दिसतात. पण त्यांच्याकडे कुणीतरी आठवड्यातून दोन-तीनदा लक्ष देतं, हात हातात घेतं, ‘होईल’ म्हणतं. आशेनेही माणूस हात जास्त हलवतो. मग फायदा सुईचा की या सगळ्याचा? हे वेगळं काढायला 1998 मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी एक खोटी सुई बनवली. तिचं टोक बोथट असतं. त्वचेवर टेकवून दाबली की टोचल्यासारखं वाटतं, पण सुई आत न जाता तिच्याच पोकळ दांड्यात सरकते. बघणाऱ्याला ती आत गेलीय असंच वाटतं. अशा वेगवेगळ्या खोट्या सुयांशी खऱ्या सुयांची तुलना करणाऱ्या 10 चाचण्या, 711 रुग्ण, 2010 मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. हात-पाय कामाला येण्यात खऱ्या सुयांचा वेगळा फायदा दिसला नाही. ॲक्युपंक्चरवाले यावर म्हणतात की त्वचेला टेकलेलं बोथट टोकही संवेदना जागवतंच, ती तुलना पुरती कोरी नाही. त्यात तथ्य आहे. पण मग ‘नेमक्या त्याच बिंदूवर, नेमक्या त्याच खोलीवर’ या दाव्याचं काय, हा प्रश्न उरतो.

एक चाचणी तुमच्या प्रश्नाच्या फार जवळची आहे. 2005 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली, फक्त हातावरची, जुना पॅरालिसिस असलेल्या 33 जणांची. काहींना खऱ्या सुया, काहींना खोट्या, 10 आठवड्यांत जास्तीत जास्त 20 सिटिंग. सगळ्यांचा हिशेब एकत्र केला तर दोन गटांत फरक नव्हता. ज्यांनी सिटिंग न चुकवता पुरी केली, फक्त त्यांचे आकडे वेगळे काढले, तर खऱ्या सुयांच्या गटात मनगटाचा ताठरपणा कमी झालेला आणि सांधे थोडे जास्त फिरताना दिसले. असे वेगळे काढलेले आकडे कच्चेच धरावे लागतात. पण मला त्यात तुमचा तो अर्धा तास दिसतो.

त्या अर्ध्या तासाला मी खोटं म्हणणार नाही. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल जागेत, कोपराच्या घडीच्या बाहेरच्या टोकाला, मनगटाच्या मागे दोन-तीन बोटं वर अशा ठिकाणी सहसा सुया देतात. टोचल्यावर जड, झिणझिणल्यासारखं वाटतं. माणूस वीस-तीस मिनिटं शांत पडून राहतो, हात आधारावर असतो. इतकी संवेदना आणि इतकी विश्रांती मिळाल्यावर आखडलेले स्नायू तेवढ्यापुरते सैल पडणं शक्य आहे. हात गरम चादरीत ठेवून हळूहळू ताणला तरी पुष्कळदा बोटं अशीच सुटतात. पण ताई, बोटं सैल पडणं वेगळं आणि बोटं उघडणं वेगळं. त्या अर्ध्या तासात बोटं उघडी होती, पण ती त्यांनी उघडली नव्हती. हुकूम अजून पोचलेला नव्हता. तुम्हाला रडू आलं यात काही चुकीचं नाही, पाच महिने वळलेली मूठ सुटलेली पाहिल्यावर कुणालाही येईल. मला वाईट याचं वाटतं की त्या अर्ध्या तासात त्यांच्या हातात कुणी काही दिलं नाही.

आणि इथेच ‘व्यायाम थांबवा’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. गोळीनंतर हाच. मेंदू नव्याने जोडणी करतोय त्या महिन्यांत हात स्वस्थ ठेवला तर तो दोन गोष्टी शिकतो: आखडून राहायला आणि गैरहजर राहायला. दुसरीला आमच्याकडे ‘शिकलेला न-वापर’ म्हणतात. एडवर्ड टॉब नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ती माकडांवरच्या प्रयोगात पाहिली होती. एका हाताची संवेदना गेल्यावर माकड तो हात वापरणं सोडून देतं. वापरता येण्याजोगा असला तरी सोडून देतं, कारण पहिल्या काही दिवसांत प्रयत्न फसलेले असतात आणि दुसऱ्या हाताने काम भागतं. चांगला हात बांधून ठेवला की तेच माकड तो सोडलेला हात पुन्हा वापरू लागतं. ‘हा हात गेला आता’ हे तुमच्या मिस्टरांचं वाक्य वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं.

यावरून जे उपचार निघाले त्यांची मोठी चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 222 जण होते, पॅरालिसिस होऊन 3 ते 9 महिने झालेले. दोन आठवडे चांगल्या हातावर जाड मोजा, जागेपणीचा 90 टक्के वेळ, आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम. त्यांचा हात नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपेक्षा जास्त सुधारला आणि तो फरक वर्षभराने तपासलं तेव्हाही टिकून होता. तुमचा पाचवा महिना चालू आहे, म्हणजे तुम्ही त्याच टप्प्यात आहात. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते हे खरं, नंतर वेग मंदावतो हेही खरं. पण सहा महिन्यांना कुठलंही दार बंद होत नाही. घाई करायची ती वापर सुरू करण्याची.

हा उपचार सगळ्यांना जमत नाही. त्यासाठी मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडावी लागतात. म्हणून तुमच्या पत्रातलं मला सर्वांत मोलाचं वाक्य सुयांचं नाही, टॉवेलचं आहे. ‘सोडा म्हटलं की अंगठा आणि पहिलं बोट जरासं उघडतं, तेवढंच.’ तेवढंच नाही हो. बोटं स्वतःच्या इच्छेने उघडणं ही हात परतण्याची फार चांगली खूण मानतात. अटॅकच्या दुसऱ्या दिवशीच ज्यांची बोटं थोडी उघडतात आणि खांदा थोडा बाजूला उचलला जातो, त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांचा, 98 टक्क्यांचा, हात सहा महिन्यांत काही ना काही कामाला येतो, असं नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. तो दुसऱ्या दिवसाचा आकडा आहे, पाचव्या महिन्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण निरोपाचा रस्ता पुरता तुटलेला नाही, हे तुमच्या त्या टॉवेलने सांगितलंय. फिजिओना हे मुद्दाम दाखवा. मनगट किती वर येतं, कुठली बोटं किती उघडतात ते त्यांच्याकडून मोजून घ्या आणि ‘चांगला हात काही तास अडवून सराव करता येईल का’ असं स्पष्ट विचारा. घरी आपल्या मनाने दिवसभर मोजा चढवू नका. काठी डाव्या हातात असते, ती सुटली तर पडतील. टेबलापाशी बसवून, ठरलेल्या वेळेपुरतं करा.

फिजिओंशी आणखी एक बोला. ते आठवड्यातून तीनदा येतात, पण त्या वेळात उजवा हात एखादं काम किती वेळा करतो? उत्तर अमेरिकेतल्या पुनर्वसन केंद्रांमध्ये प्रत्यक्ष बसून मोजलं तेव्हा, ज्या सत्रांत हाताच्या कामाचा सराव घेतला गेला त्यांत सरासरी 32 आवर्तनं निघाली. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूतले बदल दिसतात, तिथे दिवसाला काही शे आवर्तनं असतात. बाकीची भर घरीच घालावी लागते. ती कंटाळवाणी असते, म्हणूनच तुमचे मिस्टर कंटाळलेत. ‘हात वर, हात खाली’ यात कुणाचं मन रमणार? काम त्यांच्या आवडीचं हवं. पत्ते खेळत असतील तर पत्ते उलटणं, वाचत असतील तर पान उलटणं, पाणी पितात तो कप टेबलावर पुढे सरकवणं.

आणि रबरी चेंडू दाबायला देत असाल तर तो बाजूला ठेवा. घरोघरी देतात, मायेनेच देतात. पण त्यांची मूठ आधीच वळलेली आहे, मिटायला तिला शिकवावं लागत नाही. सराव उघडण्याचा हवा, म्हणजे धरलेलं सोडण्याचा. टॉवेलची घडी धरा, सोडा. रिकामा प्लास्टिकचा कप धरा, सोडा. सुटलं की मगच मोजा.

आरशाचा सरावही विचारून बघा. टेबलावर मधोमध आरसा उभा करायचा, उजवा हात त्याच्या मागे झाकायचा आणि आरशात डाव्या हाताचं प्रतिबिंब बघत दोन्ही हातांनी तीच हालचाल करायचा प्रयत्न करायचा. डोळ्यांना उजवा हातच हलताना दिसतो. 2018 च्या कॉक्रेनच्या आढाव्यात याच्या 62 चाचण्या होत्या आणि पुरावा सुयांपेक्षा बराच भक्कम आहे. मनगट उचलणाऱ्या स्नायूंवर पट्ट्या लावून सौम्य करंट देण्यालाही आधार आहे, तोही स्वतः प्रयत्न करत असताना दिला तर जास्त चांगला. मूठ इतकी घट्ट असेल की नखं तळव्यात रुततात, तळवा धुता येत नाही, तर बोटुलिनमच्या इंजेक्शनबद्दल न्यूरॉलॉजिस्टना विचारा. तो अशा ताठरपणावरचा मान्य उपचार आहे.

आता बटण. तुम्ही घास भरवता, बटणं लावता, ‘उरलेलं मी करते’ म्हणता. हे वाचून तुम्हाला दोष द्यावा असं माझ्या मनातही आलं नाही. नवरा एका बटणाशी दहा मिनिटं झटतोय, कपाळावर घाम आलाय, हे समोर बसून बघणं फार कठीण. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. त्यांच्या पत्नीला मी एवढंच काम दिलं होतं की ते खालचं बटण लावत असताना स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली ठेवून बसायचं. पहिल्या दिवशी 11 मिनिटं लागली. उजव्या हाताने काही केलंच नव्हतं, शर्टाची कड नुसती दाबून धरली होती, बाकी डाव्याने केलं. पण कड दाबून धरणं हेही काम आहे. तिथूनच हात हजेरी लावू लागतो. उजव्या हाताला आधी मदतनीस करा. ताट धरणं, कागद दाबून ठेवणं, बाटली आडवी धरणं आणि झाकण डाव्या हाताने फिरवणं. वेळ ठरवून घ्या. रात्री ते थकलेले असतील तेव्हा बटण तुम्हीच लावा, सकाळी त्यांना लावू द्या.

कपडे घालताना उजवी बाही आधी, काढताना उजवी शेवटी. त्यांना उठवताना उजव्या हाताला धरून ओढू नका, काखेत हात घालूनही उचलू नका. स्नायू ढिले पडल्यावर खांद्याचा गोल सांध्यातून खाली सरकतो आणि ओढाताणीने जे दुखणं लागतं ते महिनोन्महिने व्यायाम करू देत नाही. डोक्यावरची दोरी-कप्पी ओढायचा व्यायामही अशा खांद्याला नको.

‘हा हात गेला’ या वाक्याकडे पुन्हा येते. पॅरालिसिसनंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. हा मनाचा कमकुवतपणा नाही, तो आजाराचाच भाग आहे आणि त्यावर उपचार आहेत. झोप उडाली असेल, कुणाशी बोलावंसं वाटत नसेल, आधी आवडणाऱ्या गोष्टींत रस राहिला नसेल, तर हे न्यूरॉलॉजिस्टच्या कानावर घाला. तुमच्या त्या भेटीत बहुधा सगळा वेळ हाताबद्दलच गेला.

औषधावरून आठवलं म्हणून सांगते. नैराश्याची एक जुनी गोळी आहे, फ्लुओक्झेटिन. 2011 मध्ये फ्रान्समधल्या 118 रुग्णांवर ती दिली आणि हाता-पायाची ताकद जास्त परतलेली दिसली. आम्ही सगळेच हरखलो होतो. मग ब्रिटनमध्ये 3127 रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि सहा महिन्यांनी रुग्णांच्या एकूण सुधारणेत काहीच फरक निघाला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. नैराश्य असेल तर ती गोळी आजही देतात, हात सुधारावा म्हणून देत नाहीत. लहान चाचण्यांनी दाखवलेली आशा मोठ्या चाचणीत विरघळते, हे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा घडलंय. सुयांच्या बहुतेक चाचण्या अजून लहानच आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर हाताचं काम सुधारावं म्हणून ॲक्युपंक्चरची शिफारस नाही, असं स्पष्ट लिहिलंय. खांदादुखीसाठी जोडउपचार म्हणून त्याचा उपयोग अनिश्चित आहे, असं म्हणून तेवढी जागा मोकळी ठेवलीय.

न्यूरॉलॉजिस्टच्या ‘करायचं असेल तर करा’चा अर्थ मी असा लावते: फार मोठा धोका दिसत नाही, फायद्याची खात्री देता येत नाही. पण ते व्यायाम आणि गोळी चालू आहे असं गृहीत धरून बोलले असणार. ती बंद करायला सांगितलीय हे त्यांना कळवा, त्यांचं उत्तर वेगळं येईल.

म्हणून माझं मत. 40 सिटिंग ठरवू नका. घरातल्या सगळ्यांची इच्छा असेल आणि मिस्टरांनाही बरं वाटत असेल, तर 10-12 सिटिंगपुरतं जा, गोळी चालू ठेवून आणि व्यायाम चालू ठेवून. त्या गृहस्थांना हे मान्य नसेल तर दुसरे शोधा किंवा सोडून द्या. सुई दर वेळी नवी, तुमच्यासमोर पाकीट फोडलेली हवी. टोचल्या किती आणि काढल्या किती, ते मोजा. कमी संवेदनेच्या हातावर राहिलेली सुई कळत नाही. त्याच कारणाने त्या हातावर शेक किंवा जळती वनौषधी ठेवू देऊ नका, भाजलेलंही त्यांना कळणार नाही. खांद्याच्या वर, मानेच्या मुळाशी आणि छातीच्या वरच्या भागात खोल सुया नकोत, खाली फुप्फुस असतं. सुया दिल्यावर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळात. सुयांना करंट लावणार असतील आणि पेसमेकर असेल तर नाही म्हणा.

आणि सुया काढल्या की घरी येऊन झोपवू नका. तिथेच, खुर्चीवर, तुमच्या पिशवीतून तो प्लास्टिकचा कप काढा. तो अर्धा तास खरोखर सैल असेल तर धरा-सोडाचा सर्वांत चांगला सराव तेव्हाच होईल. सुईचा काही उपयोग असेलच तर मला वाटतं तो एवढ्यासाठीच आहे.

उपयोग होतोय की नाही हे आठवणीवर ठरवू नका, आशा आठवणीला रंग देते. आज एक व्हिडिओ काढा. तेच टेबल, तीच खुर्ची, तोच कप, दोन मिनिटं. कप धरून एक वीत पुढे नेऊन सोडायचा, किती वेळा जमलं ते मोजा. पहिले दोन आठवडे सुया न घेता फक्त रोजचा सराव करा आणि दर रविवारी तोच व्हिडिओ काढा. मग सुया सुरू करा, सराव तसाच ठेवा, व्हिडिओही तसेच. आधीच्या दोन आठवड्यांत जेवढा वेग होता तेवढाच पुढे राहिला, तर सुया हाताला काही देत नाहीयेत. वेग वाढला तर मला नक्की लिहा, मला खरंच जाणून घ्यायचं आहे. व्हिडिओ मिस्टरांनाही दाखवा, पहिला आणि शेवटचा एकापाठोपाठ.

तुम्ही विचारलंय, काही राहून तर जाणार नाही ना. राहिलंय ते एवढंच दिसतं मला: फिजिओंना टॉवेल दाखवणं, न्यूरॉलॉजिस्टना फोन करणं आणि उद्या सकाळचं खालचं बटण. फोन आज करा.